पाहुण्यांनी उतरवलेली चूल

त्या उन्हाळ्यात गवत इतकं आखूड राहिलं की चरता चरता मेंढ्यांचे ओठ झिजले. आमची एक मेंढी तर दात उघडे टाकूनच हिंडायची. रस्त्यानं जाणारे मला म्हणायचे, जवझानआजी, तुमच्या मेंढ्या हसतात. हसतायत कसल्या. डांबरी रस्त्याकाठचा सगळा माळ खरवडलेल्या कढईसारखा झाला होता. विहिरीला पाणी होतं, पण नुसत्या पाण्यानं मेंढीच्या शेपटीवर चरबी चढत नाही, आणि चरबी चढली नाही तर आमच्याकडच्या हिवाळ्यात मेंढी उभ्या उभ्या जाते.

जायचं कुठं ते ठाऊक होतं. डोंगरापलीकडं बुरगास्तायचं खोरं. तिथलं गवत काय सांगू, माझं एक वासरू त्यात हरवलं होतं, सापडलं तेव्हा बैल झालेलं. पण त्या साली खोऱ्यातला ओढा आटला होता. पाण्याचा एकच डोह उरला होता, विलोच्या झाडांच्या मुळांखाली, एका बिऱ्हाडाच्या जनावरांना पुरेल एवढा. आणि तिथं ना कुंपण, ना कुणाच्या नावाची पाटी. ज्याची चूल आधी पेटली, त्या हंगामापुरतं ते खोरं त्याचं. मागून येणाऱ्यानं चहा प्यायचा आणि पुढची वाट धरायची. आख्ख्या मंगोलियात असंच चालतं. निदान आमच्या बाजूला तरी.

आम्ही आधीच का गेलो नाही म्हणाल, तर माझ्या नातीमुळं. ओयुना, माझ्या लेकीची लेक. शहरातनं रोज नवे परदेशी पाहुणे घेऊन यायची, एका दिवसाची सहल. भटक्या लोकांचं जिणं बघा, डोंगर बघा, तळं बघा, रात्री परत हॉटेलात. त्यातलं भटक्यांचं घर म्हणजे आमचं. गाडी पोचायला सोपं पडावं म्हणून तिच्या कंपनीनं सांगितलेलं, हंगाम संपेपर्यंत रस्त्याकडंनं हलू नका. म्हणजे भटके म्हणून दाखवायला आम्हाला एका जागी बांधून ठेवलेलं. माझी सून उरना एकदा म्हणाली, "सासूबाई, आपल्याला खुंटीला बांधलंय आणि वर म्हणतात, बघा कशी मोकळी फिरतात."

शेवटी माझा मुलगा गोंबो मेंढ्या आणि घोडे घेऊन आदल्या दिवशी पुढं निघाला, चारत चारत लांबच्या वाटेनं. घर, म्हणजे आमचा काठ्यांचा आणि लोकरीचा गोल तंबू, ट्रकनं यायचं होतं. ट्रकवाल्याचं इंजिन बसलं, तो यायचा नाही असा निरोप आला. आणि सकाळी गोंबोनं वाटेतल्या एका टेकाडावरनं फोन केला, तिथंच काय तो आवाज पोचतो. म्हणाला, दांझानच्या गाड्या निघाल्यात. संध्याकाळपर्यंत बुरगास्तायला टेकतील.

दांझान आमच्या टेकडीमागचा. हट्टी म्हातारा. घर ट्रकवर चढवलं की आजारी पडतं म्हणतो, म्हणून अजून याकांच्या गाड्यांवरनं बिऱ्हाड हलवतो. हळू जातो, पण थांबत नाही. त्याला त्याच डोहावर यायचं होतं, आणि माझी चूल इथं, रस्त्याकडंला, थंड पडलेली.

मी उरनाला म्हटलं, घर उतरव.

ती म्हणाली, आज पाहुणे यायचेत.

म्हटलं, मग बरंच झालं. हात लागतीलच.

ओयुनाच्या ड्रायव्हरची, शारवची, करडी व्हॅन आली तेव्हा घराच्या जागी पिवळ्या गवताचं एक गोल तेवढं उरलेलं. बाजूला घरावर पांघरायच्या लोकरीच्या जाड नमद्यांची रास, छताच्या काठ्यांची मोळी, जाळीच्या भिंती दुमडून ठेवलेल्या. मधे मी, चुलीवर बसलेली. ओयुना खाली उतरली आणि तिच्या तोंडाचा रंगच गेला. तिचा सगळा कार्यक्रम ठरलेला असतो. आधी दुधाचा चहा, मग नमदा कसा बनतो ते, मग जेवण, मग घोडा, मग तळं. तिनं मला बाजूला नेलं आणि दातांतल्या दातांत विचारलं की मी आता या लोकांना काय दाखवू.  एका पाहुण्यानं जरी तक्रार केली तरी पुढच्या साली तिला घेणार नव्हते.

तिला सांगितलं, त्यांना म्हणावं, भटके हलतायत. बघा.

पाहुणे तिघंच. एक हिल्डे नावाची नॉर्वेची बाई, माझ्यापेक्षा थोडी लहान असेल, पण उंच इतकी की घोड्यांना पकडायच्या काठीला कुणी कोट चढवलाय असं वाटावं. आणि बेल्जियमचं एक जोडपं. नवऱ्याच्या गळ्यात कॅमेरा, बायकोच्या नाकावर पांढरं मलम. ओयुनानं त्यांना समजावलं. हिल्डे त्या पिवळ्या गोलाभोवती एक फेरी मारून आली, खाली वाकून मातीला हात लावला आणि काहीतरी विचारलं. ओयुनानं मला ते सांगितलं नाही. मी आग्रह धरला तेव्हा बोलली.

"विचारतेय, इथलं गवत इतकं खाल्लेलं आहे, मग तुम्ही याआधीच का नाही गेलात?"

मी ओयुनाकडं बघितलं, ओयुनानं बुटांकडं. म्हटलं, सांग तिला, तुमची वाट बघत होतो.

शारव मात्र ऐकेना. व्हॅनच्या कमानी मोडतील म्हणाला, टपावर एवढं ओझं घातलं तर मालक माझी कातडी नमद्यासारखी लाटेल म्हणाला. मी म्हटलं, "अरे, तुझ्या आईला लग्नात गाईवर बसवून आणलं होतं. गाईनं चकार शब्द काढला नाही." आता हे काही खरं नाही, पण त्याची आई होती भरभक्कम, आणि त्याला हसू आलं. हसला की माणूस अर्धा तयार होतो.

मग चढवाचढवी. घोड्याच्या केसांचे दोर हिल्डेनं गुंडाळले, बोटं सोलून घेतली आणि प्रत्येक गाठ उलटसुलट करून बघितली. कॅमेरेवाला छताच्या काठ्या ओलांडायला निघाला, तसा मी त्याच्या पोटरीवर काठी मारली. काठ्या ओलांडायच्या नसतात, वळसा घालायचा. तो शरमला, मग वळसा घालताना नमद्याला अडखळून पडला. त्याच्या बायकोनं बोलता बोलता जाळीची अख्खी भिंत पाठीवर घेतली आणि टपावर पोचवली. उरना मला म्हणाली, ही आपल्याकडं राहिली असती तर बरं झालं असतं.

उरना गाईंजवळ थांबली. मी जायचं होतं चुलीबरोबर. माझे गुडघे व्हॅनच्या पायरीला पोचेनात, तेव्हा हिल्डेनं आणि कॅमेरेवाल्यानं मला शेणीच्या पोत्यासारखी उचलून आत टाकली. त्यात माझा एक बूट गळून पडला आणि मोज्याचं भोक उघडं पडलं. त्यानं तेवढ्यात फोटो काढला. माझ्या अंगठ्याचा फोटो आता बेल्जियममध्ये कुणाच्या तरी भिंतीवर आहे.

वाटेत ओयुनाला तिचा सूर सापडला. चूल हिल्डेच्या मांडीशी, नळकांडं कॅमेरेवाल्याच्या खांद्यावर, आणि ओयुना पुढं बसून मागं वळून सांगत होती. बिऱ्हाड हलवणारे दिसले की आधीपासून टेकलेल्या घरानं काय करायचं, तर गरम चहा आणि वाळलेल्या दह्याचे खडे घेऊन सामोरं जायचं. सामान उतरवायला हात लावायचा. आधी चूल. कोण, कुठले, असं काही विचारायचं नाही. पाहुणे मान हलवत होते. हिल्डेनं विचारलं की ते लोक आवडत नसले तरी असंच करता का. ओयुनानं ते माझ्यावर ढकललं.

मी म्हटलं, तेव्हा तर जास्तच.

खिंडीवर दगडांची रास आहे, देवाची. तिला फेऱ्या न मारता गाडी पुढं न्यायला शारव तयार होईना. मी म्हटलं, एकच मार, बाकीच्या येताना. तो म्हणाला, मावशी, तुम्ही म्हाताऱ्या आहात, तुम्हाला घाई, मला अजून जगायचंय. मग सगळेच फिरले. पाहुण्यांनी दगड वेचून राशीवर ठेवले. हिल्डेनं लांबून एक चपटा दगड शोधून आणला, तोपर्यंत माझा जीव खाली वर.

पण खरं सांगते, खिंडीवरनं खाली बघितलं की घाईसुद्धा क्षणभर विसरते. लार्चची झाडं पिवळी पडायला लागली होती. उतारावर करकोचे जमलेले, शेकड्यांनी, माना वर करून एकमेकांशी भांडत होते, कोण पुढं उडणार यावरनं. दक्षिणेला, मोठ्या डोंगरांपलीकडच्या गरम देशात जातात म्हणे, तिथले लोक त्यांना दाणे घालतात. मी काही बघायला गेले नाही. कॅमेरेवाला गुडघ्यांवर बसून रांगत त्यांच्याकडं निघाला. आणि त्याच्या डोक्यावरनं मला खाली पाणथळीच्या कडेला ठिपके दिसले. एकामागं एक. याकांच्या गाड्या.

दांझान पाणथळीतनं सरळ जाणार होता. व्हॅनला तिथं शिरताच येत नाही, वळसा घालून कोरड्या अंगानं जावं लागतं. मी कॅमेरेवाल्याला कॉलर धरून उठवला.

शारवनं मग गाडी अशी सोडली की करकोचे मागं पडले. खरंच पडले, माझ्या खिडकीशी एक उडत होता, दमून खाली बसला. आतमधे चूल एकीकडं, माणसं एकीकडं. मलमवाल्या बाईनं पिशवीत तोंड घातलं आणि पोट रिकामं केलं, मग पुसून हसली आणि पुन्हा बाहेर बघायला लागली. मी शारवला सारखी म्हणत होते, जरा जोरात घे, आणि तो म्हणत होता, मावशी, ही बकरी नाही, टाच मारून पळायला.

डोहापाशी आम्ही आधी पोचलो. पाणी बघून माझा जीव भांड्यात पडला. विलोची पानं वर तरंगत होती, खाली काळं, थंड पाणी. पण किती थोडं. चूल उतरवली, नळकांडं बसवलं, आणि मला आठवलं की वाळल्या शेणाचं पोतं मागंच राहिलंय. डोळ्यांसमोर दांझानच्या पुढच्या याकाची शिंगं दिसत होती.

मी पाहुण्यांना सांगितलं, शेण.

ओयुनाला ते सांगताना लाज वाटली, पण तिनं सांगितलं. तिघं गवतात पांगले. लाथ मारायची, खडखडलं तर वाळलेलं, हे मी करून दाखवलं. कॅमेरेवाल्यानं पहिल्यांदा ओलं आणलं, दोन्ही हातांनी, जपून. हिल्डेला लगेच कळलं. तिनं आपला लांब कोट ओटीसारखा धरला आणि भरून आणला. तिच्याकडचा कागदी नकाशा मी मागितला, ती बघत राहिली, मग तिनंच तो फाडून दिला. आमचं खोरं त्या नकाशात होतं की नव्हतं कुणास ठाऊक. असेल तर ते आधी पेटलं.

धूर वर गेला, सरळ. मी पहिल्या चहातला पळीभर देवाला म्हणून आभाळाकडं उडवला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. जिंकले होते मी.

मग दांझान आला. लांबच थांबला. घोड्यावर बसून धुराकडं बघत राहिला. त्याच्या मागं पहिल्या गाडीवर त्याची बायको चिमिद, दोरांनी बांधलेल्या चुलीला टेकून. आम्ही दोघी एकाच साली सासरी आलेल्या. तिच्या डोळ्यांत आता पडदा आलाय, तिला धूर दिसला नसेल, वास आला असेल. तिनं मान खाली घातली.

चहा तर न्यायलाच हवा. मी किटली घेऊन निघाले, सावकाश. दांझानला विचारलं, जनावरं पुष्ट आहेत ना. तो म्हणाला, पुष्ट आहेत. त्याच्या याकांच्या पुठ्ठ्यांच्या वर आलेल्या हाडांवर टोपी अडकवता आली असती. त्यानं विचारलं, उन्हाळा बरा गेला ना. मी म्हटलं, मेंढ्या हसतायत. मग मी चिमिदला गाडीवरनं उतरवून पलीकडं बसवलं आणि तिच्या हातात कप दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला तरी चहा सांडला, आणि मी पुढच्या खोऱ्याचं नाव काढणार होते, तिकडं कोरडं आहे पण वाट चांगली आहे, असं काहीतरी. शब्द तोंडात होते. तेव्हा मागं हसण्याचा आवाज आला.

वळून बघते तर हिल्डे आणि कॅमेरेवाला दांझानच्या गाडीपाशी. दोर सोडलेले. गाठी कशा सुटतात हे तिला सकाळीच कळलं होतं ना. दोघांनी मिळून चिमिदची चूल उचलली, धापा टाकत आणली आणि माझ्या चुलीशेजारी ठेवली. इतकी जवळ की मधे मांजर बसलं असतं.

ओयुना पळत आली. "आजी, मीच सांगितलं होतं त्यांना गाडीत. आधी चूल, म्हणून."

आता नव्या जमिनीला टेकलेली चूल त्याच दिवशी परत उचलत नाहीत. उचलली तर त्या घरात माणूस टिकत नाही. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. शारवनं डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली.

दांझान घोड्यावरच बसलेला. म्हणाला, "मी हात लावलेला नाही."

"थांबवलंही नाहीस."

"कसं थांबवू. मला त्यांची भाषा येत नाही."

चेहरा असा की जणू कालच जन्मलेलं कोकरू. हिल्डेला काहीतरी बिघडल्याचं कळलं. तिनं ओयुनाला विचारलं, ऐकलं, आणि घाबरून चूल परत उचलायला वाकली. मी, दांझान, शारव, आंधळी चिमिदसुद्धा, सगळे एकदम "नको" म्हणालो. ती तशीच वाकलेली राहिली, काळे झालेले हात पुढं धरून. मग माझ्याकडं बघून काही बोलली. ओयुना म्हणाली, विचारतेय, चुकलं का माझं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला राग आलेला. दिवसभराची धावाधाव, उघडा अंगठा, सगळं त्या चुलीखाली गेलं होतं. पण चूल मात्र तिनं नीट बसवली होती. खाली चपटे दगड लावून, तोंड बरोबर ठेवून. आमच्या उरनाला इतक्या वर्षांत तसं जमत नाही.

म्हटलं, सांग तिला, चूल सरळ बसलीय.

मग मी आणि दांझान डोहावर गेलो. त्यानं काठी पाण्यात घालून बघितली, मी माझी घालून बघितली, जशी काही माझ्या काठीला जास्त पाणी लागणार होतं. बर्फ पडेपर्यंतचाच प्रश्न. एकदा बर्फ पडलं की जनावरं बर्फ चाटतात, डोह असला काय नि नसला काय. गवत दोघांना पुरतं. तो म्हणाला, याक मी धाकट्याबरोबर वर पाठवतो, तिकडं झरे आहेत. मी म्हटलं, घोडे गोंबो नदीला नेईल. राहिल्या मेंढ्या. हवा गार झालीय, एका आड एक दिवस पाजल्या तरी चालतं. एक दिवस त्याच्या, एक दिवस माझ्या.

पहिला दिवस कुणाचा, तिथं अडलो.  विलोची दोन पानं पडली. मग मी मोठा श्वास सोडला, गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हटलं, जाऊ दे, उद्याचा दिवस तुझा. चिमिदकडं बघून देते.

 दांझाननं आपली तपकिरीची बाटली काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली. मी सावकाश ओढली. गोंबो मेंढ्या घेऊन परवापर्यंत पोचत नाही, हे त्याला सांगायची काही गरज नव्हती.

दोन घरं उभी राहिली मग, शेजारी शेजारी. पाहुणे आता एकमेकांना हुकूम सोडायला लागले होते. मलमवाल्या बाईनं छताचं कडं डोक्यावर पेललं आणि आम्ही सगळ्यांनी त्यात काठ्या खोचल्या. चिमिद चाचपडत हिल्डेपाशी गेली, तिचा चेहरा हातांनी बघितला, खांदे बघितले, आणि मला विचारलं की ही बाई आहे की खांब. मी सांगितलं, यांच्याकडं झाडं नसतात, म्हणून माणसंच उंच वाढवतात. चिमिदनं विश्वास ठेवला. तिचं माझ्यावर नेहमीच प्रेम आहे.

मांस शिजलं, सगळे गवतावर बसून खात होते. कॅमेरेवाल्यानं कॅमेरा कुठं ठेवलाय तेच त्याला आठवत नव्हतं. ऊन तिरकं झालं होतं. ओयुना पहिल्यांदाच स्वस्थ बसली होती, कारण तिघांतलं कुणीही तळ्याचं नाव काढत नव्हतं.

हिल्डेनंच आधी बघितलं. तिनं वाडगं खाली ठेवलं आणि खिंडीकडं बोट केलं. धूळ. धुळीच्या पुढं एक ट्रक, वर बिऱ्हाड, टोकाला चुलीचं नळकांडं चमकत होतं.

हिल्डे उठली. बाह्या वर सारल्या. कॅमेरेवाला उठला, त्याची बायको उठली. तिघांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

मी दांझानकडं बघितलं, दांझाननं माझ्याकडं. आयुष्यात पहिल्यांदा आम्हा दोघांच्या डोक्यात एकच गोष्ट आली.

"शारव," दांझान म्हणाला, "गाडी चालू कर."

आम्ही पाहुण्यांना गोळा केलं, भराभर. कोट, पिशव्या, कॅमेरा. दांझाननं प्रत्येकाच्या हातात दह्याचे खडे कोंबले, चिमिदनं आमच्या रीतीनं गालांचा वास घेतला, मी निरोपाचं दूध गाडीच्या मागं शिंपडलं, गाडी हलायच्या आधीच. हिल्डे खिडकीतनं अर्धी बाहेर आली आणि ट्रककडं हात करून काही विचारायला लागली.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"म्हणतेय, त्या लोकांना मदत नको का करायला?"

"सांग तिला, तुमचा कार्यक्रम संपला."

व्हॅन गेली. मग दांझाननं किटली घेतली, मी कप घेतले, आणि येणाऱ्या ट्रकला आम्ही दोघं सामोरं गेलो. चहा द्यावाच लागतो. दिला, गरम, भरपूर दूध घातलेला. त्यांनी उभ्या उभ्या प्यायला. ट्रकमधली तरुण बाई आमच्या दोन घरांकडं बघत होती, मग डोहाकडं. दांझान तिला पुढच्या खोऱ्याची वाट समजावून सांगत होता. मी पुन्हा पुन्हा तिचा कप भरत होते, आणि आम्ही दोघं ट्रकच्या दोरांच्या आणि तिच्या मधे उभे होतो, खांद्याला खांदा लावून.